डाग डब्यावर नसतो, डब्याच्या आत असतो

प्लॅस्टिकच्या डब्यात साबणाचा थेंब, थोडं कोमट पाणी आणि फाडलेला टिश्यू पेपर टाकायचा, झाकण घट्ट लावायचं आणि मिनिटभर जोरात हलवायचं. झाकण उघडलं की नारिंगी झालेला डबा पुन्हा लख्ख! असे व्हिडिओ गेली काही वर्षं मोबाइलवर फिरताहेत आणि त्यांच्याखाली नेहमी दोन तट पडतात. काहींच्या मते ही जादू आहे. काहींच्या मते शुद्ध थाप, कारण त्यांच्या डब्यावर ढिम्म फरक पडलेला नसतो. दोन्ही बाजू खरं बोलत असतात. फरक युक्तीत नाही, डागात आहे. एकाचा डाग डब्यावर होता, दुसऱ्याचा डब्याच्या आत शिरला होता.

हा एवढा भेद कळला, की घासणी, सोडा, लिंबू, ऊन, ब्लीच यांतलं काय कधी चालतं आणि काय कधीच चालत नाही, हे आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

आधी डाग नीट बघा

डाग पडलेला एखादा जुना डबा घ्या आणि उजेडासमोर धरा. रंग सगळीकडे सारखा दिसणार नाही. तळाशी तो बहुतेकदा फिका असतो. सर्वांत गडद असते ती वरच्या बाजूची एक आडवी रेघ, डब्याच्या चारही भिंतींवरून फिरलेली. आतला रस्सा किंवा सॉस जिथपर्यंत भरला होता तिथे त्याचा तवंग टेकला होता, आणि रेघ नेमकी तिथेच उमटते. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगतं. रंग तेलात असतो, म्हणून डागही तिथेच गडद.

आता त्या रेघेवर नख ओढून बघा. नखात काहीच येत नाही. बोट फिरवलं तर थर लागत नाही, चिकट लागत नाही. डबा धुतलेला आहे, स्वच्छ आहे, आणि तरीही पिवळा आहे. म्हणजे घासून काढावं असं वर काही उरलेलंच नाही. जोर लावून घासणारा माणूस अशा वेळी डाग घासत नसतो, डबा घासत असतो.

प्लॅस्टिक आतून कसं असतं

अन्न साठवायचे, किंचित दुधी दिसणारे, थोडे वाकणारे डबे बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. डबा उलटा केला की तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात ५ हा आकडा दिसतो. ती याच प्लॅस्टिकची खूण. २ आणि ४ हे आकडे पॉलिएथिलीनचे, म्हणजे याच्याच भावंडांचे. इटलीतल्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या शिस्तीत एकसारख्या जुळवून दाखवल्या, आणि त्यातून आजचं टणक, उष्णता सोसणारं प्लॅस्टिक तयार झालं. १९६३ मध्ये कार्ल झिग्लर यांच्याबरोबर त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या स्वयंपाकघरात सर्वांत दुर्लक्षित असलेल्या वस्तूमागे एवढं मोठं काम आहे.

पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारचे छोटे रेणू हजारोंच्या संख्येने जोडून झालेली लांबच लांब साखळी. डब्याची भिंत अशा असंख्य साखळ्यांची बनलेली असते. कपाटाच्या खणात कोंबलेली लोकर डोळ्यांसमोर आणा. काही ठिकाणी तिचे घट्ट गुंडे आहेत आणि गुंड्यांच्या मधल्या जागेत सुटे, सैल धागे भरलेत. पॉलिप्रॉपिलीन असंच असतं: काही भाग शिस्तीत रचलेला, घट्ट, मधला भाग विस्कळीत आणि सैल. घट्ट भागात बाहेरचं काही शिरत नाही. सैल भागात शिरतं.

शिवाय हे सैल धागे स्थिर नसतात, सतत वळवळत असतात. प्रत्येक प्लॅस्टिकचं एक तापमान असतं. त्याच्या खाली हे धागे जवळपास गोठतात आणि त्याच्या वर हलू लागतात. पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत ते शून्य अंश सेल्सियसच्या आसपास किंवा थोडं खालीच येतं. म्हणजे साध्या खोलीतसुद्धा डब्याच्या भिंतीतले धागे हलत असतात. गरम पदार्थ ओतला की ते आणखी जोरात हलतात, मधल्या फटी मोठ्या होतात आणि रंगाचे रेणू आत सरकतात. मग डबा गार होतो, धागे आवळतात, आणि आत गेलेला रंग तिथेच अडकतो.

हळद आणि टोमॅटोच का? बीट का नाही?

बीटच्या रसाचा रंग बघून वाटतं, हा डबा कायमचा गेला. प्रत्यक्षात तो पाण्याखाली धरला की निघून जातो. त्याउलट फिकट दिसणारा हळदीचा रस्सा डब्याला जन्माचा रंग देऊन जातो.

कारण एकच: पाण्याचं पाण्याशी जमतं, तेलाचं तेलाशी. पॉलिप्रॉपिलीन नुसत्या कार्बन आणि हायड्रोजनचं बनलेलं असतं. स्वभावाने ते तेलाच्या गोत्रातलं. पाणी त्यावर थेंब होऊन घरंगळतं, तेल मात्र पसरतं आणि चिकटून राहतं. बीटचा लाल रंग पाण्यात विरघळणारा असल्याने त्याला प्लॅस्टिकमध्ये शिरण्यात रस नसतो. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा, गाजराचा नारिंगी बीटा-कॅरोटीनचा, लाल मिरचीचाही याच घराण्यातला. हे रंग पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत, तेलात मात्र उतरतात. तेल त्यांना पदार्थातून बाहेर काढतं आणि डब्याच्या भिंतीपर्यंत आणून सोडतं. भिंतही तेलाच्याच स्वभावाची, त्यामुळे पुढचा प्रवास सोपा.

हळदीतला पिवळा रंग कर्क्युमिनचा. त्याचा रेणू लायकोपीनपेक्षा लहान, वजनाने साधारण दोन तृतीयांश. तोही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हळदीच्या पुडीत या रंगाचं प्रमाण थोड्या टक्क्यांचंच असतं, पण तो इतका तीव्र आहे की प्लॅस्टिकमध्ये किंचितसा शिरला तरी डोळ्यांना खुपतो.

चहा-कॉफीचे डाग निराळे. त्यांतली टॅनिन नावाची द्रव्यं पृष्ठभागावर पातळ थर धरतात, आत फारशी शिरत नाहीत. म्हणून चहाचा डाग सोड्याने किंवा ऑक्सिजन ब्लीचने सहज निघतो आणि त्याच उपायाची हळदीपुढे डाळ शिजत नाही.

डाग पडतो तो ओतण्याच्या क्षणी

यावरून डागाला लागणाऱ्या गोष्टी तीन: उष्णता, तेल आणि वेळ. तिन्ही एकत्र आल्या की डाग ठरलेला. यातलं तेल आपल्या हातात नाही, स्वयंपाक जसा आहे तसा आहे. उष्णता आणि वेळ मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत, आणि माझ्या मते डाग काढण्याच्या सगळ्या युक्त्या एका पारड्यात टाकल्या तरी या दोन गोष्टींचं पारडं जड राहील.

गरम पदार्थ थेट प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नये. यावर लगेच येणारा आक्षेप असा: अन्न बाहेर ठेवून गार करायचं तर ते खराब नाही का होणार? आक्षेप रास्त आहे. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं, हा सर्वत्र मानला जाणारा नियम आहे. पण तेवढ्या वेळात ते गार करणं अवघड नाही. खोल पातेल्यात ठेवू नका. पसरट स्टीलच्या ताटात किंवा परातीत पातळ पसरा. गडबड असेल तर ते भांडं थंड पाण्यात टेकवा. हाताला कोमटही लागेनासं झालं, की डब्यात भरा. धातू आणि काच यांत रंग शिरत नाही, त्यामुळे पदार्थाचा गरम काळ त्यांच्यात जाऊ द्यायचा आणि गार काळ प्लॅस्टिकमध्ये.

फ्रीजरमध्ये तर डाग जवळजवळ पडतच नाही. उणे १८ अंशांवर पॉलिप्रॉपिलीनचे सैल धागेही गोठलेले असतात. घोळ होतो तो बाहेर काढल्यावर. गोठलेला सॉस त्याच डब्यात, त्याच झाकणासकट मायक्रोवेव्हमध्ये जातो आणि महिनाभर जपलेला डबा चार मिनिटांत नारिंगी होतो. गोठलेला पदार्थ फ्रिजच्या खालच्या खणात रात्रभर ठेवून विरघळवावा, मग काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात काढून तापवावा. (गोठलेला डबा हातातून पडू देऊ नका. थंडीत हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि कोपऱ्यातून तडकतं.)

आता वेळ. डबा रिकामा झाला की तो तासन् तास सिंकमध्ये तसाच पडून राहतो. आतल्या तेलाच्या थराला कुणी घाई करत नाही. तो आपलं काम करत राहतो. ऑफिसात किंवा प्रवासात डबा धुता येत नसेल, तर निदान कागदी रुमालाने आतून पुसून घ्या. पाणी नसलं तरी चालेल, किंबहुना आधी कोरडं पुसणंच बरं. तेल पुसलं गेलं म्हणजे रंग वाहून आणणारं वाहनच गेलं. त्यानंतर थंड किंवा जेमतेम कोमट पाणी, साबण, आणि सर्वांत शेवटी हवं असेल तर गरम पाणी. बहुतेक जण पहिल्याच फटक्यात कढत पाणी ओततात. तेल निघायच्या आधीच भिंतीतले धागे सैल होतात आणि थोडा रंग आणखी आत जातो.

डिशवॉशरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. टोमॅटोच्या तेलाने माखलेलं एक भांडं आत गेलं, तर गरम पाण्यात तेच तेल फिरत राहतं आणि शेजारच्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या वस्तूंनाही गुलाबी छटा येते. यंत्रात टाकण्याआधी तेल पुसून घेणं, एवढाच त्यावर उपाय.

डब्याला आतून आधी थोडं तेल चोपडून ठेवलं तर डाग पडत नाही, असंही सांगितलं जातं. पाणीदार, गार पदार्थाला त्याने थोडा आडोसा मिळेलही. पण गरम, तेलकट पदार्थ ओतला की चोपडलेलं तेल त्यातच मिसळून जातं, आणि रंगाला तर तेल हाच राजमार्ग. मी या युक्तीवर विसंबून राहणार नाही.

पण डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलंय!

लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. फक्त त्याचा अर्थ आपण लावतो तेवढा मोठा नसतो. डबा मायक्रोवेव्हमध्ये वितळणार नाही, वेडावाकडा होणार नाही आणि अन्नाच्या संपर्कासाठी ठरवलेल्या मर्यादा पाळेल, एवढंच ते आश्वासन. डाग पडणार नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

पाणीदार पदार्थ साधारण १०० अंशांपलीकडे तापत नाही, कारण पाणी उकळून निघून जातं. तेलाला तशी वेसण नसते. मायक्रोवेव्हमध्ये दाट, तेलकट किंवा साखर जास्त असलेल्या पदार्थाचे काही भाग त्याहून बरेच जास्त तापू शकतात. पॉलिप्रॉपिलीन वितळतं साधारण १६० अंशांच्या थोडं वर, पण मऊ त्याआधीच पडतं. काही डब्यांत तवंगाच्या रेघेवर पांढरट, खरखरीत, फोडांसारखा पट्टा आलेला दिसतो. पुष्कळ जण त्यालाही डाग समजून घासत बसतात. तो डाग नव्हे, तिथलं प्लॅस्टिक पोळलेलं असतं. त्यावर औषध नाही, तो डबा अन्नासाठी वापरणं थांबवावं.

मग पडलेला डाग काढायचा कसा?

पहिला प्रश्न: डाग ताजा आहे की जुना? आजच पडला असेल तर रंगाचा बराचसा भाग अजून पृष्ठभागावरच्या तेलात असतो. व्हिडिओतली टिश्यू पेपरची युक्ती चालते ती इथे. साबण तेलाला सोडवतो आणि कागदाचे तंतू ते टिपून घेतात. नुसत्या पाण्याने हलवलं तर सुटलेलं तेल पुन्हा भिंतीवर बसतं. कागद त्याला बसू देत नाही. महिनाभर जुन्या डागाला मात्र या खळखळाटाने काही होत नाही, कारण रंग आता साबणाच्या आवाक्यात नाही.

आत शिरलेल्या रंगापुढे दोनच वाटा उरतात. एक तर त्याला बाहेर ओढून काढायचं, नाहीतर आहे तिथेच त्याचा रंग मोडायचा.

ओढून काढायला त्याला प्लॅस्टिकपेक्षा जास्त आवडणारं काहीतरी समोर ठेवावं लागतं. टोमॅटो, गाजर, मिरची यांच्या डागांसाठी ते म्हणजे साधं स्वच्छ खाद्यतेल. विचित्र वाटतं, पण ज्या वाटेने रंग आत गेला त्याच वाटेने काही रंग परत येतो. डब्याला आतून तेल लावा, काही तास राहू द्या, कोरड्या कागदाने पुसा. कागद पिवळट झालेला दिसला तर काम होतंय. मग साबणाने धुवा. हळदीच्या डागाला अल्कोहोल जास्त मानवतं, कारण कर्क्युमिन अल्कोहोलात चांगलं विरघळतं, लायकोपीन मात्र फारसं विरघळत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अल्कोहोलवालं साधं, बिनवासाचं सॅनिटायझर कापसावर घेऊन डागावर ठेवा, थोड्या वेळाने पुसा, पुन्हा ठेवा. खिडकी उघडी असावी, गॅस बंद असावा, आणि नंतर डबा साबणाने नीट धुवावा. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनच्या वाटेला मात्र जाऊ नका. काही प्लॅस्टिकं त्याने विरघळतात.

या दोन्ही उपायांनी डाग फिका होतो, क्वचितच पूर्ण जातो. लोकरीच्या गुंत्यात खोलवर अडकलेलं काही बाहेरून टिपून किती निघणार?

सगळ्यांत गुणी उपाय फुकटचा आहे

तो म्हणजे ऊन. त्याच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुष्कळांना ही आजीच्या काळची भाबडी समजूत वाटते. प्रत्यक्षात यामागचं रसायनशास्त्र अगदी पक्कं आहे.

लायकोपीन, कॅरोटीन, कर्क्युमिन या तिन्हींना रंग येतो तो त्यांच्या रेणूतल्या एका रचनेमुळे: एक दुहेरी बंध, एक एकेरी, पुन्हा एक दुहेरी, अशी लांब माळ. लायकोपीनमध्ये असे अकरा दुहेरी बंध ओळीने येतात. ही माळ प्रकाशातला निळा-हिरवा भाग शोषते, उरलेला लाल-नारिंगी आपल्याला दिसतो. पण जो रेणू प्रकाश शोषतो तोच त्या प्रकाशाने घायाळ होतो. प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ही माळ मधेच तोडतात, आणि माळ तुटली की रंग संपला. रेणूचे तुकडे प्लॅस्टिकमध्ये राहिले तरी ते डोळ्यांना दिसत नाहीत.

उन्हाची खरी ताकद इथे आहे. घासणीला, साबणाला, तेलाला भिंतीच्या आत जावं लागतं. प्रकाश पारदर्शक किंवा दुधी प्लॅस्टिकमधून आरपार जातो. जिथे रंग आहे तिथे तोही पोचतो.

पद्धत सोपी. डबा साबणाने स्वच्छ धुवा, तेलाचा अंशही राहू देऊ नका. डागाची बाजू सूर्याकडे येईल असा उघडा ठेवा आणि सूर्य सरकेल तसा फिरवा. हळदीचा डाग एका कडक दिवसात उतरलेला दिसतो, टोमॅटोला कधी कधी दोन-तीन दिवस लागतात. खिडकीच्या काचेआडूनही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो, कारण काच अतिनील किरणांचा बराच भाग अडवते. ढगाळ दिवसांतही काम थांबत नाही, मंदावतं.

मग डबे कायमच उन्हात का ठेवू नयेत? कारण तेच अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्याही तोडतात. बाहेर महिनोन् महिने पडलेली प्लॅस्टिकची खुर्ची बघा, हात लावला की पांढरी भुकटी लागते. डाग जाईपर्यंत दोन-चार दिवस ऊन, त्यापुढे सावली.

लिंबू, सोडा आणि व्हिनेगर

लिंबाने हळदीचा डाग जातो, असं सांगणाऱ्यांनी डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं, हे मान्य. पण काय पाहिलं, ते समजून घ्यावं लागेल. कर्क्युमिन आम्लात पिवळं असतं आणि अल्कात, म्हणजे साबण, सोडा यांच्या संगतीत, लालसर तपकिरी होतं. साबणाच्या वडीने घासलेला हळदीचा डाग लाल होतो तो यामुळे. त्यावर लिंबू चोळलं की तोच रंग पुन्हा पिवळा, म्हणजे फिका दिसतो. डाग गेलेला नसतो, त्याने कपडे बदललेले असतात. ‘लिंबू लावून उन्हात ठेवा’ या सल्ल्यात काम ऊन करतं, श्रेय लिंबाला मिळतं.

खाण्याच्या सोड्याची पेस्ट सौम्य घासणी म्हणून बरी: चहाचा थर, तेलाचा चिकटपणा काढते, वास थोडा कमी करते. आतल्या रंगाला ती पोचत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर येणारा फेस बघायला छान वाटतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते जवळपास मिठासारखं साधं पाणी. फेसाच्या बुडबुड्यांनी सुटा कचरा हलतो, बाकी काही नाही.

ब्लीचबद्दल जपून

ब्लीचही उन्हासारखंच रंगाची माळ तोडतं. ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पांढरी पूड, मला जास्त पसंत आहे. पाण्यात टाकली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. गरमसर पाण्यात डबा रात्रभर बुडवून ठेवावा आणि सकाळी खळखळून धुवावा. दातांची कवळी साफ करायच्या गोळ्याही याच जातीच्या.

क्लोरीनचं ब्लीच वापरायचंच असेल तर लिटरभर थंड पाण्यात एक मोठा चमचा, अर्धा तास, आणि नंतर भरपूर पाणी. त्यात व्हिनेगर किंवा लिंबू कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही नाही, अल्कोहोलबरोबरही नाही. डागावर एकामागून एक सगळे उपाय करून बघायची खुमखुमी असेल तर दोन उपायांच्या मधे डबा पूर्ण धुतलाच पाहिजे.

शिवाय ही दोन्ही ब्लीचं पाण्यात असतात आणि पाणी पॉलिप्रॉपिलीनमध्ये फारसं शिरत नाही. म्हणून खोल डागावर त्यांचा जोर उन्हाइतका चालत नाही.

तारेची घासणी आणि पांढरा मेलामाइन स्पंज यांचं काय? दोन्ही पृष्ठभाग खरवडतात, स्पंज जरा नाजूकपणे. थोडा डाग वरच्या थराबरोबर निघतोही. पण मागे राहिलेल्या बारीक ओरखड्यांत पुढच्या वेळी तेल आणखी सहज बसतं, आणि दुसऱ्यांदा पडलेला डाग पहिल्यापेक्षा हट्टी निघतो.

डागाळलेल्या डब्यात अन्न ठेवणं वाईट का?

निव्वळ रंगामुळे नाही. तो रंग आपण खाल्लेल्या पदार्थाचाच आहे. पिवळा पडलेला, पण गुळगुळीत, वास नसलेला, झाकण नीट बसणारा डबा खुशाल वापरावा. डाग म्हणजे अस्वच्छता हे समीकरण इथे लागू पडत नाही, आणि ते डोक्यात असल्यामुळेच आपण डब्यावर नाही नाही ते प्रयोग करतो. काळजी करावी ती ओरखडे, तडे आणि पोळलेल्या खरखरीत पट्ट्यांची. त्यांत अन्नाचे कण आणि जिवाणू अडकतात आणि धुऊनही निघत नाहीत.

दुसरी भीती बिस्फिनॉल-ए या रसायनाची. ते पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक, काचेसारख्या प्लॅस्टिकच्या निर्मितीत वापरलं जातं; युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी घालणारा नियम मंजूर केला. पॉलिप्रॉपिलीन बनवायला हे रसायन लागत नाही आणि डागाशी त्याचा संबंध नाही.

सूक्ष्म प्लॅस्टिकचा प्रश्न मात्र गंभीर आहे, आणि त्याची पाळंमुळं पुन्हा उष्णतेतच आहेत. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान मुलांच्या अन्नाची प्लॅस्टिकची पात्रं मायक्रोवेव्हमध्ये तापवून पाहिली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, तीन मिनिटांत काही पात्रांच्या दर चौरस सेंटिमीटरमधून ४० लाखांहून जास्त सूक्ष्म कण आणि २ अब्जांहून जास्त अतिसूक्ष्म कण सुटले. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो यावर संशोधन चालू आहे. तोवर डबा मायक्रोवेव्हमध्ये न तापवण्याला डागापेक्षा मोठं कारण मिळालं, असं समजावं.

सरळ काचेचेच डबे का घेऊ नयेत?

गरम आणि तेलकट पदार्थांसाठी घ्यावेतच. काचेत रंगाला शिरायला जागाच नसते. पण काच जड, पडली की फुटणारी. रोज पाठीवरच्या पिशवीतून नेणाऱ्याला किंवा लहान मुलाला ती परवडत नाही. स्टील हलकं आणि डागमुक्त, फक्त आत काय आहे ते दिसत नाही आणि मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही.

प्लॅस्टिकमध्येच राहायचं तर कडक, आरपार पारदर्शक प्रकार कमी डागाळतात. ट्रायटन नावाने विकलं जाणारं कोपॉलिएस्टर त्यातलं. त्याचे धागे हलू लागतात ते १०० अंशांच्याही वर, त्यामुळे रोजच्या तापमानाला ते गोठलेलेच असतात. पदार्थांच्या बाटल्या-बरण्यांचं १ आकड्याचं प्लॅस्टिकही खोलीच्या तापमानाला असंच वागतं. पण ७० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, म्हणून गरम पदार्थ त्यात ओतूच नये. आहेत तेच डबे वापरायचे असतील तर त्यांतला एक आधीच पिवळा झालेला डबा हळद-टोमॅटोच्या नावाने बाजूला काढून ठेवावा. तो आणखी पिवळा झाला तरी कुणाचं काय जातं!

काचेचा डबा घेतला तरी त्याचं झाकण बहुतेकदा प्लॅस्टिकचंच असतं, आणि झाकणाच्या खाचेतलं कडं सिलिकोनचं किंवा रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकचं. हे कडं पॉलिप्रॉपिलीनपेक्षाही सैल विणीचं, त्यामुळे रंग आणि त्याहून जास्त वास तेच धरून ठेवतं. लसणाच्या वासाचे रेणू रंगाच्या रेणूंपेक्षा बरेच लहान असतात. ते चटकन आत जातात, पण हवेवर ठेवलं तर बाहेरही पडतात. तेव्हा धुतलेला डबा ओला असताना झाकण लावून ठेवू नका. कडं टोकदार नसलेल्या कशाने तरी उचकटून खाचेतून काढा, साबणाने धुवा आणि झाकणासोबत उघड्यावर वाळू द्या. परत बसवताना त्याची सपाट बाजू कोणती होती हे लक्षात ठेवा. उलटं बसलं तर झाकण लागलेलं दिसतं, पण पिशवीत रस्सा सांडतो.